रेल्वेचे धुरीण : कालचे आणि आजचे

मुंबईहून निघालेली गाडी बोरघाट चढूं लागली म्हणजे प्रवासी कौतुकानें दरीकडे पाहतात. हा मार्ग आंखणाराचें नांव मात्र क्वचितच कोणास आठवतें. ते जेम्स बर्कले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या या मुख्य इंजिनियरांनीं सुमारें १५ मैलांत १,८३१ फूट चढणारा मार्ग योजिला. १८६२ सालीं ते निवर्तले आणि १८६३ सालीं घाट वाहतुकीस खुला झाला.

त्यांच्या धडाडीविषयीं दुमत नाहीं. परंतु कंपनीचीं सूत्रें लंडनमध्यें होतीं, आणि भागधारकांस पांच टक्के व्याजाची सरकारी हमी होती. नफ्याची हमी असलेल्या धन्यास तिसऱ्या वर्गाच्या उतारूची क्षिती कशास वाटावी? घाटाच्या कामांत हजारों मजूर मृत्यु पावले. त्यांचीं नांवेंही कोणास ठाऊक नाहींत.

उतारूकडे पाहणारी दृष्टि पुढें आली. १९७७ सालीं मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गांतील लांकडी बाकांवर दोन इंच जाडीची गादी त्यांच्याच कारकीर्दींत आली. बोगद्यांपुढें दोन इंच तें काय! पण रात्रभर फळीवर अंग टाकणाऱ्यास त्यांचें मोल विचारावें.

१९९० सालीं कोंकण रेल्वे महामंडळ स्थापन झालें व त्याची धुरा ई. श्रीधरन यांजकडे आली. ७४१ किलोमीटरांचा तो दुर्घट मार्ग १९९८ च्या जानेवारींत पुरा झाला. बर्कल्यांचेंच साहस येथें पुन्हां दिसलें. तथापि बांधणाराचें यश उद्घाटनाच्या दिवशीं मोजतात, चालविणाराचें रोज मोजावें लागतें. २००३ सालीं वैभववाडीनजीक आणि २००४ सालीं करंजाडीनजीक पावसाळ्यांत रुळांवर आलेल्या दगडांमुळें गाड्या घसरल्या आणि अनेक प्रवासी प्राणांस मुकले. आज तेथें दरवर्षीं पावसाळी वेळापत्रक लागू होतें. गाड्या मुद्दाम संथ चालवितात, मार्गावर गस्त राहते. उशीर पत्करून जीव राखणें हेंही नेतृत्वच होय. मात्र त्याची कोनशिला कोणी बसवीत नाहीं.

कालच्या धुरिणांस अधिकार मोठा आणि उत्तरदायित्व थोडें होतें. आजच्यांस उत्तरदायित्व मोठें, पण अधिकार अनेक खात्यांत वांटलेला. म्हणूनच त्यांची परीक्षा अधिक कठीण आहे.

ही परीक्षा धायरीकरांसही दूरची नाहीं. खराडीहून हडपसर, स्वारगेट या वाटेनें खडकवासल्यास जाणाऱ्या मेट्रोमार्गास केंद्रीय मंत्रिमंडळानें २०२५ च्या नोव्हेंबरांत मंजुरी दिली. खांब उभे करण्याचें कसब आपल्याकडे आहे. परंतु धायरीच्या गल्लींतून निघालेली वृद्ध स्त्री सुरक्षित पदपथानें स्थानकापर्यंत पोहोंचेल काय? तेथून उतरल्यावर तिला बस मिळेल काय? रेल्वे, महापालिका आणि बससेवा यांच्या चालकांनीं एकत्र बसून याचें उत्तर मार्ग बांधण्यापूर्वीं दिलें पाहिजे. नागरिकांनींही उद्घाटनाची तारीख विचारतांना हा प्रश्न आधीं विचारावा.