यंत्रांची नावे आणि त्यांच्या वाटा



आपल्या तालुक्यात सुतारवाड्या किती, याचा हिशोब कोणी ठेवीत नाही. तसे कारणही नाही. नुसते ‘सुतारवाडी’ लिहिले तर पोस्टमन गोंधळेल. पण पुढे गाव, तालुका, जिल्हा घातला की पत्र बिनचूक घरी येते. हे साधे शहाणपण संगणकांना मात्र बरेच दिवस नव्हते. ते कसे आले, हे आज सांगावयाचे आहे.

१९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हे जाळे विणावयास घेतले. जुहूचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि पवईची आय.आय.टी. यांची युनिक्स यंत्रे १९८६-८७ च्या सुमारास साध्या टेलिफोनवरून एकमेकांस पत्रे धाडू लागली. एकाने दुसऱ्यास फोन लावावा, साठलेली पत्रे हवाली करावी, फोन ठेवावा. या पद्धतीस यूयूसीपी म्हणत. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत माइक लेस्क यांनी ती १९७६ मध्ये रचली.

हिच्यात यंत्राला ठाऊक फक्त शेजारी. एका फाईलीत त्यांची नावे, फोन नंबर, फोन करण्याच्या वेळा आणि परवलीचे शब्द. पलीकडचे जग त्याच्या गावीही नसे! म्हणून सारी वाट धाडणाऱ्यानेच लिहावयाची: पहिले यंत्र, उद्गारचिन्ह, दुसरे यंत्र, पुन्हा उद्गारचिन्ह, आणि शेवटी माणसाचे नाव. म्हणजे पाकिटावर ‘करूळ घाट, मग गगनबावडा, मग कोल्हापूर’ असे लिहिण्यातलाच प्रकार. करूळला दरड कोसळली, तर भुईबावड्याचा घाट मोकळा असूनही पत्र पायथ्याशी पडून राहावयाचे. शिवाय एकाच माणसाचा पत्ता मुंबईहून निराळा आणि मद्रासहून निराळा. एका नावाची दोन यंत्रे निघाली, तर पत्र भलत्याच दारी.

तिकडे अमेरिकेत सरकारी जाळ्यावर वेगळी अडचण होती. सर्व यंत्रांची नावे एकाच यादीत, ती यादी एकाच संस्थेकडे, आणि प्रत्येकाने तिची प्रत आणावयाची. यंत्रे वाढली तशी यादी आवरेना. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी तोड काढली ती आपल्या सुतारवाडीचीच: ज्याने त्याने आपल्या हद्दीतली वही सांभाळावी. जुहूला ‘शक्ती’ नावाचे यंत्र होते. त्याचा नवा पत्ता शक्ती, एनसीएसटी, अर्नेट, इन. धाकट्याकडून थोरल्याकडे!

आमच्या मते येथे खरी क्रांती झाली ती वेगाची नव्हे. नाव आणि वाट यांची फारकत झाली. वहीत पाहिले की नावाचा आकडा मिळतो. तो आकडा कोणत्या दाराने न्यावयाचा, हे वाटेवरचे प्रत्येक यंत्र आपल्या तक्त्यावरून ठरविते. तक्त्यात जवळची चार घरे, आणि ‘बाकी सर्व हमरस्त्याने’ अशी एक ओळ. ही ओळ फसवीही आहे. दोन नाकी एकमेकांकडेच बोट दाखवू लागली, तर टपाल त्यांच्यातच फिरत राहील. म्हणून प्रत्येक टपालावर एक आकडा असतो, तो दर नाक्यावर एकाने घटतो, आणि शून्य झाला की टपाल टाकून देतात.

आपल्या देशाच्या नावाची, ‘डॉट इन’ची, नोंद १९८९ साली झाली आणि ती वही जुहूच्या त्याच संस्थेकडे आली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांस इंटरनेट खुले केले, तेव्हा ती सहा वर्षांची जुनी होती. २००५ पासून ती ‘निक्सी’कडे आहे.