आकाश शिकायचे तर अकरावीत गणित हवे
(जालना येथे हितचिंतकांच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा सारांश)



मला शिक्षणसाहाय्य निधीबद्दल बोलायला सांगितले आहे. आजवर आपण हा निधी मुख्यतः नर्सिंग आणि आयटीआयसाठी दिला. त्यातून अनेक घरे उभी राहिली. यंदा मात्र समितीपुढे निराळा अर्ज आहे. अंबड तालुक्यातल्या भिल्ल वस्तीवरची, आईवडील ऊसतोडीला जाणारी, आपल्या वसतिगृहात राहून दहावी झालेली एक मुलगी लिहिते, ‘मला खगोलभौतिकशास्त्र शिकायचे आहे.’ काहींना हसू आले, काहींना काळजी वाटली. निर्णय तुम्ही-आम्ही मिळून करायचा आहे, म्हणून आधी हे शिक्षण काय असते ते सांगतो.

चुलीच्या जाळावर चिमूटभर मीठ टाका. ज्योत पिवळी होते, कारण मिठातला सोडियम तापला की ठरावीक पिवळा प्रकाश देतो. प्रत्येक मूलद्रव्याची अशी आपली खूण असते. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून किंवा तशा उपकरणातून फाकवला की त्याच खुणा रेघांच्या रूपाने दिसतात. हात न लावता तारा कशाचा बनला, किती तापला, आपल्याकडे येतो की दूर जातो, हे त्यावरून कळते. खगोलभौतिकशास्त्र ते हेच. त्यात भविष्य किंवा कुंडली नाही.

आता मुख्य मुद्दा. आपल्या भागातल्या महाविद्यालयांत या नावाची पदवी शोधत बसू नये. आधी भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी., मग एम.एस्सी., मग संशोधन, हा नेहमीचा रस्ता. डॉ. जयंत नारळीकरांनीही आधी बनारसला बी.एस्सी. केले आणि केंब्रिजला जाऊन गणित शिकले. दुसरी वाट पुण्याच्या ‘आयसर’सारख्या संस्थेची. तिथे बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन पाच वर्षांत पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण एकत्र होते. ही केंद्र सरकारची संस्था असल्याने अनुसूचित जमातींसाठी ७.५ टक्के जागा राखीव असतात.

दोन्ही वाटा अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशी ठरतात. त्या दिवशी कोणी ‘गणित अवघड जाईल, सोड’ म्हणाले आणि मुलीने सोडले, तर पुढे बुद्धी कितीही असली तरी परतणे फार कठीण होते. आपल्या मुलांचे गणित तर त्याआधीच मागे पडते. दिवाळीच्या सुमारास टोळी निघाली की मूलही निघते आणि उन्हाळा लागल्यावर परत येते. अपूर्णांकांचा धडा फडावर राहून जातो.

‘हे शिकून काम कुठे?’ हा प्रश्न रास्त आहे. आपली परभणी ओलांडली की हिंगोली जिल्हा. तिथे औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आत निर्वात पोकळी आणि लेसरचा किरण. दूर कुठे दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की अवकाशात लहर उठते आणि नळीच्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडतो. तोच मोजायचा. अशी पहिली लहर १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या वेधशाळांनी टिपली. ती निघाली होती सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी.

अशा ठिकाणी शास्त्रज्ञ लागतात, तसे वेल्डर, इलेक्ट्रिशियन, संगणकावर माहिती तपासणारेही लागतात. म्हणजे आपली आयटीआयची मुलेही यात परकी नाहीत. पण मराठवाड्याच्या मातीत उभ्या राहणाऱ्या वेधशाळेत आपली मुले फक्त खड्डे खणायला आणि पहाऱ्याला असावीत का, हे आपण स्वतःला विचारावे. पदवीनंतर प्रत्येक जण शास्त्रज्ञ होत नाही, हेही मी लपवत नाही. तरी भौतिकशास्त्र आणि गणित शिकलेल्याला शिक्षकी, बँक, संगणक, स्पर्धा परीक्षा ही दारे उघडी असतात.

‘आदिवासी मुलांना आकाशाचे काय?’ असेही एकाने विचारले. विदर्भातल्या गोंडांच्या आकाशज्ञानाची नोंद मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो, त्यातले चार तारे म्हणजे बाज आणि मागचे तीन म्हणजे चोर, असे तिथले जुने लोक सांगतात. आकाश या घरांना ओळखीचे आहे. पुस्तक तेवढे नवीन आहे. आणि श्रद्धेची भीती वाटत असेल, तर ईयोबाच्या पुस्तकात कृत्तिका आणि मृगशीर्ष नावानिशी आले आहेत, हे आठवावे.

माझी मागणी चार गोष्टींची आहे. एक, वसतिगृहात आठवी ते दहावीला रोज एक तास गणित, आणि त्यासाठी मानधनावर शिक्षक. दोन, जातीचा दाखला आणि वैधता यांचे काम नववीतच सुरू करणे, कारण १९५० पूर्वीचे पुरावे गोळा करायला भटक्या मजुरी करणाऱ्या घराला फार वेळ लागतो. तीन, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला मुलांची सहल नारायणगावजवळच्या खोडदला. तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे आणि त्या वेळी ती लोकांना पाहू देतात. चार, निधीत सात वर्षे टिकणारी मदत: अकरावी-बारावीची दोन आणि पुढची पाच. एकदा मोठी रक्कम देऊन थांबण्यापेक्षा दरमहा थोडे, पण न चुकता दिलेले अधिक उपयोगी पडेल.

या अर्जाचे उत्तर अकरावीचे प्रवेश बंद होण्याआधी द्यावे लागेल. मदतीचे वचनपत्र दाराजवळच्या मेजावर ठेवले आहे. आज जाताना ते घेऊन जा, घरी प्रार्थनेत ठेवा आणि पुढच्या रविवारपर्यंत भरून मंडळीच्या सचिवांकडे द्या.