गोळी सुरू झाली, पुढे कोण बघतंय?



आजचा निधी मुलांच्या मानसिक आरोग्याच्या कामासाठी आहे, म्हणून थोडं बोलतो. आम्ही डॉक्टर नाही, आमच्यातले बहुतेक सॉफ्टवेअरवाले. पण एडीएचडीबद्दल आपल्या घरांत दोनच टोकं ऐकू येतात. एक, "पोर दांडगं आहे, मोठं झालं की होईल शांत." दुसरं, "डॉक्टरांनी गोळी दिली ना, मग झालं तर!" खरं काम या दोन्हींच्या मध्ये असतं.

दक्षिण केरीचं प्रकरण आपल्याला आठवत असेल. तिथल्या मुलांच्या मानसिक आरोग्य सेवेबद्दल, म्हणजे कॅम्सबद्दल, डॉ. शॉन मॅस्की यांचा अहवाल जानेवारी २०२२ मध्ये आला. १,३३२ फायली तपासल्या. २४० मुलांना हवी तशी सेवा मिळाली नव्हती आणि ४६ मुलांना गंभीर इजा झाली होती. औषधांमुळे कुणाला गुंगी, कुणाचं वजन वाढलेलं, कुणाचा रक्तदाब. शाळेकडून पुरेशी माहिती न घेताच एडीएचडीचं निदान झालेलंही आढळलं. औषधं लिहून देणारा डॉक्टर कनिष्ठ होता आणि कन्सल्टंटची जागा २०१६ पासून रिकामी. २०२० मध्ये तात्पुरते आलेले कन्सल्टंट डॉ. अंकुर शर्मा यांनी आवाज उठवला, तेव्हा चौकशी सुरू झाली. आमच्या धंद्यात एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. तिथे मुलांच्या औषधांना तेवढीही दुसरी नजर नव्हती.

म्हणून औषधच वाईट, असा अर्थ कृपया काढू नका. मेथिलफेनिडेटने अनेक मुलांचं लक्ष लागतं, शाळा सुधारते. पण ते नियंत्रित औषध आहे आणि त्याला नियम आहेत. युरोपच्या औषध संस्थेने २००९ मध्ये आढावा घेऊन ते स्पष्ट केले. औषध तज्ज्ञाच्या देखरेखीखाली सुरू व्हावं. आधी रक्तदाब, नाडी, उंची, वजन मोजावं आणि घरात कुणाला हृदयविकार किंवा अचानक मृत्यू होता का, हे विचारावं. पुढे डोस बदलताना, आणि निदान दर सहा महिन्यांनी, पुन्हा मोजमाप. भूक, झोप, मनःस्थिती यांचीही विचारपूस. वर्षातून एकदा डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी थांबवून ती अजून लागते का, हे पाहावं. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी हे औषध नाही.

इथे आपले जीपी येतात. कॅम्सची रांग लांब, म्हणून "तुम्हीच लिहून द्या ना" असा आग्रह धरावासा वाटतो. तो धरू नये. तज्ज्ञाने बसवलेला डोस जीपी पुढे चालू ठेवू शकतात. मात्र मोजमाप कुणी करायचं, काही बिघडलं तर फोन कुणाला करायचा आणि पुढची तपासणी कधी, या तीन गोष्टी तज्ज्ञाच्या पत्रात लिहिलेल्या हव्यात. नसतील तर मागून घ्या. प्रश्न विचारणं म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे. घरी एका वहीत उंची, वजन, भूक, झोप लिहून ठेवा आणि दर भेटीला ती वही न्या. आणि हो, भारतातून कुणाबरोबर गोळ्या मागवू नका. तिथे दुसरी नजर कुणाचीच नसते.

रांगा कमी करणं आपल्या हातात नाही. पण रांगेत थांबलेल्या आईबापांना माहिती आणि सोबत देणाऱ्या संस्था देणग्यांवर चालतात. आपण दिलेला प्रत्येक युरो त्या सोबतीसाठी आहे. सढळ हाताने द्या.