लुगडे, पातळ आणि ड्रेस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. चारचौघींत उभे राहून बोलण्याची ही पहिलीच वेळ, तेव्हा काही चुकले तर सांभाळून घ्यावे. 'वय आणि पोषाख' हा विषय मला चिटणीसबाईंनी दिला. त्या हसून म्हणाल्या, "तुमच्या ड्रेसबद्दल गल्लीत इतके बोलून झाले आहे, की आता तुम्हीच काय ते बोला." म्हणून उभी राहिले.

तर ड्रेसपासूनच सुरुवात करते. 2019 साली आमच्या घरचे आजारी पडले आणि त्यांना मुंबईच्या एका इस्पितळात ठेवावे लागले. अठरा दिवस मी रोज सकाळी पेजेचा डबा घेऊन दिव्याहून गाडीने जात होते. सकाळची गाडी दिव्याला येते ती भरूनच येते, हे तुम्हांला सांगायला नको. चौथ्या दिवशी दादरला उतरताना माझ्या निऱ्या कुणाच्या तरी पायाखाली आल्या. मी पुढे आले आणि साडी मागे राहिली. एका हाताने साडी धरू की डबा धरू, हे ठरेपर्यंत डबा पडला. पेज फलाटावर. दोन अनोळखी बायकांनी आपल्या पर्सा आणि ओढण्या आडव्या धरून मला आडोसा केला, तेव्हा कुठे मी निऱ्या खोचल्या. त्यांची नावेही मी विचारली नाहीत, याची रुखरुख अजून आहे. आजारी माणसाला त्या दिवशी बिस्किटावर भागवावे लागले.

रात्री मुलीला सांगितले. तिने तिचा एक ढगळ कुडता आणि सलवार माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "आई, उद्या हा घाल." मी चाळीस वर्षांची. लग्न झाल्यापासून साडीशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच घातला आणि वरून मोठी ओढणी घेतली. पिशवीत साडीही ठेवली. येताना स्टेशनवर बदलायची, म्हणजे गल्लीत कुणाला कळायचे नाही, असा माझा बेत होता. पण संध्याकाळी दिव्याला उतरल्यावर बदलणार कुठे? तशीच घरी आले. सासूबाई दारातच बसलेल्या.

त्यांनी पिशवीतून डोकावणारा पदर पाहिला आणि हसू लागल्या. मला वाटले, आता काही खरे नाही. पण त्या म्हणाल्या, "अगो, साडी पिशवीत घेऊन फिरतेस होय? मी पण फिरवलीय."

मग त्यांनी सांगितले ते मला वीस वर्षांत माहीत नव्हते. त्यांचे लग्न 1972 सालचे, रत्नागिरी जिल्ह्यातले. लग्नात नऊवारी, माहेरी नऊवारी. परळच्या खोलीत आल्यावर मामंजींनी हौसेने गोल पातळ आणून दिले. मुंबईत त्या गोल नेसत. पण गावी जायचे झाले, की पिशवीत नऊवारी घेत आणि चिपळूणच्या एसटी स्टँडवर बायकांच्या खोलीत जाऊन बदलून मगच पुढची गाडी धरत. एका गणपतीला पावसात पिशवीच भिजली, तेव्हा सहावारीतच घरात शिरल्या. त्यांच्या सासूने तीन दिवस बोलणे टाकले होते. "सुनेने पाय झाकले तरी चालेना हो तिला," सासूबाई म्हणाल्या, "काष्टा नाही म्हणजे लाज नाही, असे म्हणायची."

मला हे फार नवल वाटले. आज आपण ज्या साडीला मर्यादेची म्हणतो, तीच पन्नास वर्षांपूर्वी आमच्या घरात बेमर्यादेची होती.

आणि खरे सांगू का, नऊवारी असती तर दादरला माझी ती फजिती झालीच नसती. काष्टा मागे घट्ट खोचलेला असतो. तो कुणाच्या पायाखाली येत नाही. दातिवली, आगासन, साबे इकडच्या आगरी आज्या आपण पाहिल्या आहेत. गुडघ्यापर्यंत आवळून नेसलेले लुगडे, त्यावरच भाताची लावणी, त्यावरच खाडीतले काम, त्यावरच डोक्यावर पाटी घेऊन बाजार. नऊ वार कापड म्हणजे आठ मीटरच्या वर. पण नेसल्यावर ते अंगाचेच होऊन जाते. तो कामाचा पोषाख होता. गोल साडी ही शहरातली. तिला कापड कमी लागते आणि नेसायला सोपी. दुसऱ्या महायुद्धात कापडावर रेशन आले, तेव्हा नऊ वार मिळवणे किती कठीण झाले असेल, ते घर चालवणाऱ्या बाईलाच कळेल.

याच वाटेवरची, आपल्यापासून चौथ्या स्टेशनाची, कल्याणची एक लेक तुम्हां सर्वांना ठाऊक आहे: डॉक्टर आनंदीबाई जोशी. 1883 साली अठराव्या वर्षी त्या बोटीने अमेरिकेला गेल्या. जाण्यापूर्वी त्यांनी भर सभेत सांगितले होते, की मी हिंदू म्हणून जाईन आणि आपला पोषाख, आपला आहार सोडणार नाही. पोषाख त्यांनी सोडला नाही. पण नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि तिकडची थंडी कडक, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. 1886 मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी पुण्यात वारल्या. शब्दही राखला आणि पायही झाकले. गल्लीतल्या बोलण्याने मला रडू येई, तेव्हा मी त्यांचा विचार करी.

बोलणे काय होते? "नवरा इस्पितळात आणि हिला ड्रेस सुचतोय." ज्यांनी म्हटले त्या इथेच बसल्या आहेत आणि आता माझ्या चांगल्या मैत्रिणी आहेत, म्हणून नाव घेत नाही. घरचे बरे होऊन आले. ड्रेस मात्र राहिला. सणावारी साडी, बाजारहाटाला आणि गाडीला ड्रेस, असे माझे चालले आहे. सासूबाई तर घरात गाऊन घालतात आणि वर टॉवेल टाकून कोपऱ्यावरून कोथिंबीर आणतात. गाऊनवर टॉवेल टाकला म्हणजे तो बाहेरचा पोषाख होतो, हा शोध कुणी लावला देव जाणे, पण सबंध दिव्यात तो मान्य आहे!

फॅशनचे म्हणाल तर ती आता पेठेतून येत नाही, टीव्हीतून येते. 2013 साली 'होणार सून मी ह्या घरची' लागली आणि जिकडे तिकडे जान्हवीचे मंगळसूत्र. मीही खोट्यातले घेतले होते. दोन महिन्यांत काळे पडले. नवरात्राचे नऊ रंग तसेच. वर्तमानपत्राने छापायला सुरुवात केली त्याला वीस वर्षे झाली असतील, आणि आज आपल्या मुलींना ते पुराणातलेच वाटतात. मला त्यात मौज वाटते. गाडीचा सबंध डबा एका रंगाचा झाला की बरे दिसते. पण करडा रंग आला की आम्ही साडी शोधणार कुठे? शिवलेली नऊवारी निघाली आहे, पायजम्यासारखी चढवायची. सासूबाई तिला हात लावून म्हणाल्या, "हिची गोधडी व्हायची नाही." ते मात्र खरे. जुन्या सुती लुगड्याची गोधडी अंगाला धरते. हल्लीच्या साड्यांची रात्रभर सरकत राहते.

आता जे सांगायचे म्हणून मी खरी उभी राहिले, ते सांगते. "या वयात शोभते का?" हे मला चाळिशीत ऐकावे लागले. आपल्यातल्या एका भगिनीला ते सदतिसाव्या वर्षीच ऐकावे लागले, कारण तिचा नवरा गेला. तेव्हापासून ती राखाडी नाही तर फिकी पिवळी नेसते. तिला कुणी बसवून सांगितले नाही. एकीने नुसते "लालच नेसलीस?" म्हटले, आणि तेवढे पुरले. ती माझ्याहून आठ वर्षांनी लहान आणि मला म्हणते, "ताई, आता माझे कुठे वय राहिले?"

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचे नाही. सरकारनेही त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांना ते उदाहरण घ्यायला सांगितले. हेरवाड खेडे आहे. आपण तर ठाणे महापालिकेत राहतो.

यंदा वर्धापनदिनासाठी आपण सर्वांनी वर्गणी काढून एकसारखी हिरवी साडी घेतली. तिनेही वर्गणी दिली, सर्वांच्या आधी दिली. पण आज ती मागच्या रांगेत फिक्या साडीत बसली आहे. तिची हिरवी खजिनदारबाईंच्या कपाटात घडी न मोडता पडली होती. परवा मी ती मागून आणली. फॉल लावला, पिको करून घेतले. ब्लाऊजचे माप तेवढे हवे आहे. कार्यक्रम झाल्यावर ते द्यायला तिने माझ्या घरी यावे. सासूबाईंनी चहा ठेवायचे कबूल केले आहे.