मुलांच्या हाडांचं दुखणं : आजी-आजोबांनी काय पाहावं
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस. पण माझ्या नातीमुळे एका दुर्मिळ आजाराची माहिती करून घ्यावी लागली, ती थोडक्यात सांगतो.

त्याला सीआरएमओ म्हणतात. १९७२ साली त्याचं पहिलं वर्णन झालं. यात हाडाला सूज येते, पण जंतू सापडत नाहीत. शरीराची संरक्षण यंत्रणाच विनाकारण भडकते. आजार बहुधा सात ते बारा वर्षांच्या वयात दिसतो, मुलींमध्ये जास्त.

नातीचा घोटा दुखायचा. ताप नाही, एक्स-रे साफ, रक्ततपासणी जवळजवळ ठीक. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, फरक शून्य. पुढे गळ्याजवळचं हाड सुजलं, तेव्हा सगळ्या शरीराचा एमआरआय झाला. न दुखणाऱ्या हाडांतही सूज निघाली!

मग वाढीचं दुखणं कसं ओळखायचं? ते सहसा दोन्ही पायांत, संध्याकाळी किंवा रात्री होतं आणि सकाळी पोरगं उड्या मारत शाळेत जातं. पण दुखणं एकाच जागी असेल, आठवडेच्या आठवडे राहिलं, झोपेतून उठवू लागलं, सूज आली किंवा मूल लंगडू लागलं, तर थांबू नका.

आपल्याकडे हाडाचा टीबी आहे, क्वचित कॅन्सरही असतो. ते नाहीत याची खात्री करण्यासाठी बरेचदा हाडाचा तुकडा तपासावा लागतो. घाबरून त्याला नाही म्हणू नका, आणि नुसत्या अंदाजावर टीबीची औषधंही सुरू करू नका. मणक्यात सूज असेल तर मणका दबू शकतो, म्हणून उशीर नको. निदान झालं की उपचार आहेत. सुरुवात बहुधा नॅप्रोक्सेनसारख्या सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी होते. गरज पडली तर त्यापुढची औषधंही आहेत. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि मुलांच्या संधिवाताच्या तज्ज्ञांकडे पाठवायला सांगा.

आपल्या सोसायटीत कितीतरी आई-बाबा चाकणला, भोसरीला शिफ्टमध्ये जातात. रात्री नातवंडं आपल्याजवळ असतात. म्हणून एक वही ठेवा : तारीख, कुठलं हाड, किती वाजता दुखलं, ताप होता का. डॉक्टरांना पाच मिनिटांत जे सांगता येत नाही, ते त्या वहीतून कळतं. आमच्याकडे गळ्याजवळची सूज आणि घोट्याचं दुखणं एकाच पानावर आलं, तिथूनच तपास पुढे सरकला. आता नात पुन्हा सायकल चालवते. औषध अजून चालू आहे.