भाताचे पाते आणि डोळ्यातले फूल
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



डोळ्यांचा विषय निघाला की मोतीबिंदूवरच बोलणे होते. आज मी भाताच्या खाचरात होणाऱ्या इजेविषयी बोलणार आहे. कारण भोर-वेल्ह्यात लावणी, कापणी आणि झोडणी या तिन्ही कामांत आपलाच हात पुढे असतो.

भाताचे पाते किंवा तूस डोळ्याला लागते आणि बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्यावर ओरखडा उठतो. पात्यावरची, मातीतली बुरशी त्या ओरखड्यातून आत शिरते. दोन-चार दिवस आपण म्हणतो, "कचरा गेला असेल, जाईल." कोणी मध घालते, कोणी अंगावरचे दूध. कोणी दुकानातून थेंब आणते. त्या थेंबांत स्टिरॉइड असले तर लाली तेवढी कमी होते आणि बुरशी मात्र फोफावते. मग पांढरा डाग दिसू लागतो. यालाच आपण डोळ्यात फूल पडले म्हणतो.

हे दुखणे बुरशीचे की जंतूंचे, हे नुसते पाहून अनुभवी डॉक्टरांनाही नेहमी सांगता येत नाही. आणि दोहोंची औषधे वेगळी. म्हणून डोळा बधिर करून जखमेवरचा कण खरवडून घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशी असेल तर तिचे तंतू दिसतात. उरलेला कण थाळीत पेरून काही दिवस वाढू देतात. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक या यंत्राने तर कण न खरवडता, जिवंत डोळ्यातच ते तंतू पाहता येतात.

असे महागडे यंत्र प्रत्येक दवाखान्याने कसे घ्यावे? गावकीची मोठी पातेली आठवा. लग्नकार्याला लागतात म्हणून प्रत्येक घर ती विकत घेत नाही. मात्र ती घासूनपुसून ठेवणारे आणि कोणी नेली ते लिहून ठेवणारे माणूस लागते. सामाईक प्रयोगशाळेचेही तसेच. यंत्राइतकेच ते चालवणारे शिकलेले हात आणि नीट राखलेली नोंदवही महत्त्वाची.

पुष्कळ रुग्णांच्या अशा तपासण्या आणि नोंदी एकत्र आल्या म्हणजे संशोधन होते. तमिळनाडू व पुदुच्चेरीतील अरविंद नेत्र रुग्णालयांत, सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रॉक्टर संस्थेच्या सहकार्याने, २०१० व २०११ मध्ये बुरशीने डोळा बिघडलेल्या ३२३ रुग्णांवर दोन औषधांची तुलना झाली. २०१३ मध्ये निकाल छापून आला: नव्या व्होरिकोनॅझोलपेक्षा जुने नॅटामायसिन सरस ठरले, विशेषतः फ्युजेरियम जातीच्या बुरशीत. त्या ३२३ जणांच्या संमतीचा लाभ आज आपल्या खाचरातल्या बाईलाही मिळतो.

पण त्यासाठी ती वेळेवर पोचली पाहिजे! पुण्यात ससून रुग्णालय आहे, महंमदवाडीला पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनचे ह. वि. देसाई नेत्र रुग्णालय आहे. अडते ते दुसरीकडेच. वेल्ह्याच्या वरच्या वाडीतून पुण्याला जाऊन येण्यात अख्खा दिवस मोडतो, रोज बुडतो, आणि घरी गुरे नि पोरे कोण पाहणार? म्हणून बाई थांबते आणि डोळा जातो.

इथे मंडळाने हात द्यावा. भाडेखर्चासाठी लहानसा निधी ठेवा. सोबतीला जाणाऱ्या दोघींची नावे सुगीपूर्वीच ठरवा. आणि प्रत्येकीला सांगा: डोळा चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावा, मनाने थेंब घालू नयेत, त्याच दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवावा आणि झोडणीच्या वेळी साधा चष्मा लावावा.

एका बाईचा डोळा वाचला तर एका घराची चूल सावरते. हे काम आपले मंडळ अंगावर घेईल, अशी आशा आहे.