दोन तबकड्यांचा ताल

नव्या कलेचा जन्म राजदरबारातच व्हावा, असा काही नियम नाही. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका इमारतीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने, शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमावेत म्हणून, नृत्याचा जलसा योजिला. तबकड्या वाजविण्यास तिचा जमेकात जन्मलेला, अठरा वर्षांचा भाऊ होता; जग त्यास डीजे कूल हर्क म्हणून ओळखते.

गाणे थांबून केवळ ताल उरतो, तेव्हा नाचणाऱ्यांस खरा रंग चढतो, हे त्याने हेरले. पण तो क्षण अल्पजीवी! म्हणून एकाच गीताच्या दोन तबकड्या आळीपाळीने वाजवून त्याने तो लांबविला. हिपहॉपचे मूळ येथेच मानले जाते. ऐकण्याचे यंत्रच वाद्य झाले.

श्रोतेहो, थोर कलावंत आपल्या रसिकांची पावलेही ऐकतो.